खंदारे सरांची कोपरं

खंदारे सर गाडीत उभे राहिले की दोन्ही कोपरं पोटाशी आवळून घ्यायचे. पिशवी छातीशी, खांदे आत, मान जराशी खाली. डबा कितीही खच्चून भरलेला असो, त्यांच्या अंगाभोवती थोडी मोकळी जागा राहायचीच, आणि ती ते कशी राखत देव जाणे. मानवत रोड ते परभणी या पॅसेंजरला आम्ही अप-डाऊन करणारी मास्तर मंडळी रोज एकमेकांच्या पायावर पाय देऊन भांडायचो. सरांचं मात्र कधी कुणाशी भांडण झालं नाही. मला आधी वाटलं, हा माणूस शिष्ट आहे.

मानवतच्या कॉलेजात मी मराठी शिकवायचे, ते हिंदी. मी पहिल्यापासून फटकळ. माहेर शेतकऱ्याचं, सासरही शेतकऱ्याचं. गर्दीत माणूस आडवा आला तर पोतं ढकलावं तसा ढकलायचा, एवढंच मला ठाऊक. एकदा मी म्हणाले, "सर, आमच्या सासूबाईंपेक्षा तुमचं सोवळं कडक दिसतंय."

सर हसले. "सोवळं येगळं, बाई. सोवळ्यात दुसऱ्यानं सरकायचं असतंय. आमच्यात आपुनच सरकायचं."

मग त्यांनी सांगितलं. लहानपणी गावातून चालताना त्यांची माय त्यांचा दंड घट्ट धरून ठेवायची आणि सारखी म्हणायची, "अंग चोरून चाल रे, कुणाला लागशील." सर म्हणाले, "अक्षरं मागून आली, बाई. हे आधी शिकलो." मी पिशवीतल्या शेंगा काढून त्यांच्यापुढे धरल्या, झालं.

सरांचं गाव पेडगाव स्टेशनापासून दोन मैल आत. गावाचं नाव मी सांगत नाही. माणसं अजून तिथंच नांदतायत. विद्यापीठाच्या नामांतराचा पहिला वणवा पेटला त्या वर्षी त्यांच्या वस्तीतली घरं जळाली. सर तेव्हा हैदराबादला शिकायला होते. माय, चंद्रभागाबाई, उभ्या पिकात दडून राहिली म्हणून वाचली. लेक जिवंत आहे की वाटेत कुणी गाठलं, हे तिला कितीतरी दिवस कळलं नाही. शेवटी सर पेडगावला उतरले तर ही फलाटावरच्या लिंबाखाली बसलेली. तेव्हापासून तिनं तो नेमच धरला. संध्याकाळची पॅसेंजर आली की ती लिंबाखाली हजर, आणि लेक उतरलेला दिसल्याशिवाय जागची हलायची नाही. सरांची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती. घरात मायलेक दोघंच.

पुढं सर दोन वर्षं चीनला गेले, तेव्हाही हा नेम मोडला नाही. पेकिंगला एक हिंदी मासिक निघायचं, त्याची भाषा तपासायला माणूस हवा होता. सरांच्या हैदराबादच्या गुरुजींनी यांचं नाव सुचवलं आणि हे कॉलेजातून बिनपगारी रजा टाकून गेले. माय इकडे गावातल्याच आपल्या बहिणीकडं राहिली, पण संध्याकाळी लिंबाखाली येऊन बसायचीच. मी एकदा खिडकीतून ओरडले, "मावशी, सर चीनला आहेत ना? ते या गाडीत कुठून असणार?"

"कुठल्याबी मुलखातून आला तरी उतरंल तर पेडगावलाच की वो," ती म्हणाली.

सर परत आल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. नोकरी तीच, पॅसेंजर तीच, पण गाडीत एक नवा सोबती आला होता. पेडगावला गाडी थांबायची मिनिटभर. उतरायचं तर दाराशी पोचायला हवं, आणि दारात ठाण मांडून आप्पाराव. हा सरांच्याच गावच्या मोठ्या मालकाचा मुलगा. सरांचे वडील त्यांच्याकडं जन्मभर सालगडी होते. आप्पाराव मानवतच्या बाजारात कापसाचा व्यवहार करायचा आणि याच गाडीनं परभणीच्या घरी जायचा. आडमाप देह, एक हात दांडीला, दुसरा चौकटीला. तोंडानं कधी वाईट शब्द नाही. सर मागं येऊन उभे राहिले की मोठ्या प्रेमानं म्हणायचा, "उतरा की सर, कोन धरलंय तुमाला?" आणि तसूभरही सरकायचा नाही. सर त्याच्या अंगाला लागायचे नाहीत. शिट्टी व्हायची, गाडी हलायची, लिंबाखालची म्हातारी मागं जायची आणि सर आमच्याबरोबर परभणीला येऊन उतरायचे. मग कुणाची सायकल माग, एखाद्या ट्रकला हात कर. माय तोवर अंधारात बसलेली. आठवड्यातून एखाद्या वेळी तरी हे ठरलेलं.

माझं डोकं फिरायचं. मी एकदा उठून आप्पारावाला हलवायला निघाले, तर सरांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. नंतर म्हणाले, "तुमी ढकललं तर तो हसंल, बाई. गावात जाब मला द्यावा लागंल." मग मी दुसरा उपाय काढला. पेडगाव जवळ आलं की आपल्या जागेवरून ओरडायचं, "सर, कोपरं!" म्हणजे काढा बाहेर, हाणा, उतरा. सगळा डबा हसायचा. सरही हसायचे. कोपरं काही पोटापासून सुटायची नाहीत.

चीनची सगळी हकीकत आम्ही त्या गाडीतच ऐकली. भिंत, सायकली, तिथली थंडी, सगळं सांगायचे. पण रंगायचे ते जमिनीखालच्या रेल्वेवर आले की.

"वर रस्ता, रस्त्यावर सायकलींचा पूर, आन आपुन खाली. खिडकीतून बगावं तर आपलंच तोंड. बरं, लाईन गोल! आपल्या गाडीला कुठंतरी शेवट हाय, पूर्णा म्हना, मनमाड म्हना. ती नुसती रिंगण घालायलीय."

पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. सकाळची वेळ, माणसं कापूस भरलेले जाड कोट घालून, हातात जेवणाचे डबे. गर्दीनं सरांना उचलून डब्याच्या मध्यात नेऊन ठेवलं. त्यांचं स्टेशन आलं. दार आणि ते यांच्यामध्ये माणसांची भिंत. सर आपली कोपरं आवळून उभे. लोक सरकतील मग उतरू. दार मिटलं. पुढच्या स्टेशनात तेच, त्याच्या पुढच्यात तेच. एक माणूस उतरला तर दोन चढत.

"मी वाट बगायलो, जरा जागा झाली की निघू. जागा व्हतच न्हाई. रिंगणाचा पुरा येढा झाला, बाई! माझं स्टेशन परत आलं आन परत गेलं. मग घाम फुटला. इतक्या थंडीत घाम! मनात आलं, माय तिकडं पेडगावला बसलीय आन मी हितं भुईच्या पोटात फिरायलोय. हितंच मरतोय आता. बोंब मारावी तर कोनत्या भाषेत मारावी?"

शेवटी एका म्हातारीनं पाहिलं. तिच्या काखेत पातीच्या कांद्यांसारखी कसली तरी जुडी होती. तिनं यांचं मनगट धरलं, कमरेनं दोन बाप्यांना बाजूला सारलं, "श्या छ! श्या छ!" असं ओरडली आणि यांना ओढत फलाटावर आणलं. श्या छ म्हणजे उतरायचंय. म्हातारी एवढ्यावर थांबली नाही. तिनं सरांचं कोपर धरलं, पोटापासून ओढून बाहेर काढलं आणि हवेत हाणून दाखवलं, असं! आणि हसत हसत पुढची गाडी धरून निघून गेली.

"मग दोन वर्षं मी रोज ढकललं," सर सांगायचे, तेव्हा त्यांचे डोळे चमकायचे. "लय मजा यायची, बाई. साहेबासारख्या दिसनाऱ्या मानसाला बी ढकलायचो. कुनी मागं वळून बगायचं न्हाई."

"मग इथं काय धाड भरली?"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हितं मागं वळून बगत्यात."

एका हिवाळ्यात नामांतर होणार, होणार अशी हवा पुन्हा उठली. गावोगाव कुजबुज. त्या दिवशी सकाळी परभणीत एसटीवर दगड पडले आणि दुपारपासून बस बंद झाल्या. बसची सगळी माणसं पॅसेंजरला लोटली. डब्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. सरांचा चेहरा मानवत रोडलाच उतरला होता. "माय आज आलीच असंल," ते म्हणाले. "वस्तीवर काय काय ऐकलं असंल तिनं. आज उतरलो न्हाई तर ती जीव सोडंल, बाई." खरंच होतं ते. ज्या बाईनं एकदा घर जळताना पाहिलं, तिला लेक न दिसणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं.

पेडगाव आलं. दारात आप्पाराव. त्याच्या मागं मोठ्या कष्टानं सर येऊन उभे राहिलेले. मला खिडकीतून म्हातारी दिसत होती. लिंब सोडून ती डब्याडब्यापाशी धावत होती, वर बघत होती.

"आप्पाराव, उतरायचंय," सर म्हणाले.

"उतरा की सर, कोन धरलंय तुमाला?"

गार्डची शिट्टी झाली. मी बाकावर उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "सर, कोपरं!"

"श्या छऽ!" सर असे काही ओरडले की अख्खा डबा दचकला. उजवं कोपर सुटलं आणि आप्पारावाच्या बरगडीत बसलं. तो आडमाप देह दारावर आपटला, त्याची टोपी खाली फलाटावर पडली आणि तिच्या पाठोपाठ सर उतरले. डब्यात टाळ्या पडल्या. मी तर शिट्टी मारणार होते, पण कॉलेजातली बाई पडले.

शिट्टी झाली तरी गाडी हलली नाही, पुढचा सिग्नल पडला नव्हता. म्हणून पुढचं सगळं मला बघावं लागलं. म्हातारी धावत आली. मला वाटलं, लेकाला कवटाळणार. तिनं आधी खाली पडलेली टोपी पाहिली, मग दारातल्या आप्पारावाला पाहिलं आणि तिच्या तोंडाचं पाणीच पळालं.

"कुनाला लागलास रे?" ती लेकाला म्हणाली. "कुनाच्या अंगाला लागलास?"

टोपी उचलून तिनं पदरानं झटकली, दाराच्या पायरीवर ठेवली आणि हात जोडले. "धनी, लेकराचं चुकलं. गर्दीत लागलं. मनावर घेऊ नगा."

आप्पाराव बरगडी चोळत हसला. "गर्दीत लागतंयच की, म्हातारे. त्यात काय येवडं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग आजवर सरकायला तुमचं काय जात होतं हो?" मी बाकावरूनच ओरडले. त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

म्हातारीचे हात जोडलेलेच होते. सरांनी ते धरून सोडवले. तिनं पुन्हा जोडले. सरांनी पुन्हा सोडवले. ती पुन्हा जोडायची. गाडी हलली, आणि फलाट संपेपर्यंत मी बघत होते, तो सोडवतोय आणि ती जोडतेय.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी चहा दिला तर सरांनी कप नुसता हातात धरून ठेवला. "चीनमधी सोपं होतं, बाई," ते म्हणाले. "तिथं फलाटावर माय नव्हती."

मला रडू आवरेना. तास सुरू झाला तरी मी तिथंच बसून होते.

त्यानंतर सर रोज उतरले. आप्पाराव ठाण मांडायचाच, सर कोपर लावायचे. माय मात्र लेक खाली आला की पहिलं एकच विचारायची, "कुनाला लागलं न्हाई ना?" सर म्हणायचे, "लागलं माय, लय जनांला लागलं." तिचा हात तोंडावर जायचा. शेवटपर्यंत तिला त्याची सवय झाली नाही. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. विद्यापीठाचं नाव बदललेलं पाहायला ती उरली नाही.

माय गेल्यावर सरांना गावात काय राहिलं? हैदराबादच्या एका कॉलेजात जागा मिळाली, ती त्यांनी धरली. परभणी स्टेशनावर मी त्यांना निरोप द्यायला गेले होते. भर दुपारची वेळ, गाडी माणसांनी फुगलेली. सरांनी एक ट्रंक डोक्यावर घेतली आणि कोपरानं वाट काढत असे आत शिरले की मी मनात म्हटलं, शाब्बास माझ्या गड्या! ट्रंक ठेवून ते खिडकीपासून थोडं आत, दोन माणसांच्या मध्ये उभे राहिले. पाहते तर पिशवी छातीशी, खांदे आत आणि दोन्ही कोपरं परत पोटाशी.

"सर, कोपरं!" मी फलाटावरून ओरडले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हसले, आणि उजवं कोपर हळूहळू सैल सोडलं. ते शेजारच्या माणसाच्या हाताला टेकलं. त्या माणसाला कळलंसुद्धा नाही, तो आपला केळं सोलत होता. सर मात्र गाडी सुटून दिसेनासे होईपर्यंत त्याच्या तोंडाकडंच बघत होते.