उकिडव्या पुतळ्याची टाच

जव्हार संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि मी चळवळीची पत्रकं लिहीत होतो. माझ्या पत्रकातला माणूस एकतर पिळलेला असायचा, नाहीतर पेटलेला. तिसरा प्रकार मला माहीत नव्हता.

मुंबईत शिल्पकला शिकलेला माझा एक मित्र महिनाभर जव्हारजवळच्या साखरशेत गावात राहिला. तिथल्या एका शेतकऱ्याला समोर बसवून त्यानं सिमेंटचा पुतळा केला. उकिडवा बसलेला माणूस, हात गुडघ्यांवर, नाकडोळे जेमतेम. जव्हारच्या सभेत तो मांडायचा आणि त्याचा अर्थ मी सांगायचा, असं ठरलं. मी एका बैठकीत पत्रक लिहून छापूनही आणलं: वेठीनं मोडलेली ही पाठ, अश्रूही आटलेला हा चेहरा.

सभेच्या सकाळी पुतळ्यापाशीच त्या शेतकऱ्याला ते वाचून दाखवलं. मला शाबासकी हवी होती. तो म्हणाला, हे वाचू नको. वेठ बापानं केली, लहानपणी त्यानंही केली. पण आता जमीन त्याच्या नावावर होती आणि सभेला खोडाळ्याचे सोयरे येणार होते. त्यांच्यासमोर त्याला बिचारा व्हायचं नव्हतं. मी चिडलो. झाकल्यानं शोषण संपत नाही, वगैरे ऐकवलं. मान तर खालीच घातलीय ना, असंही विचारलं.

"मान खाली नाय भाऊ, वाकडी हाय. कान कुठं हाय बघ. मी नागलीचं पीक राखतो. डुकरं आली का आयकतो. आन् टाच बघ."

पुतळ्याची डावी टाच जमिनीपासून दोन बोटं सुटली होती. पोटरी ताठ. हा माणूस आता उठून धावणार होता. आठवडाभर मी त्या पुतळ्याभोवती फिरलो होतो आणि टाच पाहिली नव्हती.

मित्राला विचारलं, आधी का नाही बोललास?

"तू विचारलंस कुठं? लिहूनच आला होतास."

सभेत मी पत्रकांचा गठ्ठा सोडला नाही. एवढंच म्हणालो की हा शेतकरी आपलं पीक राखतो आहे. मलाच ते मिळमिळीत वाटलं. टाळी एकही पडली नाही. खोडाळ्याचा एक म्हातारा सोयरा मात्र उठून पुतळ्यामागे गेला, वाकून टाच न्याहाळली आणि शेतकऱ्याला म्हणाला, "यंदा किती डुकरं पाडलीस रं?"

तो सांगायला लागला. पुढचा वक्ता बराच वेळ ताटकळत उभा होता.