एडवणची तुटक्या शेपटीची धामण

नाग डूख धरतो, साप माणूस ओळखतो… असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. बारा वर्षं साप पकडतोय, लोकांच्या डोक्यातून हेच काढत फिरलोय. म्हणूनच हे लिहायला धजत नव्हतो.

मी मूळचा सांगलीकडचा. बोईसरच्या एका कारखान्यात नोकरी, राहायला बेटेगाव. दोन वर्षांपूर्वी बायको वारली, त्यानंतर इकडे आलो; एकटाच राहतो. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन साप शोधत हिंडतो. कोणाच्या घरात निघाला तर फोन येतो.

मागच्या हिवाळ्यात तसाच एक किनाऱ्यावरच्या एडवण गावाहून आला. गेलो तर अंगणात काठ्या घेतलेली माणसं आणि दार अडवून उभी एक म्हातारी कोळीण — हिरामावशी. आत जुन्या जाळ्यांवर धामण. बिनविषारी, चांगली सहा फुटी, शेपटीचं टोक तुटलेलं.

"नको नेव तिला. रोज दुपारची येते. मना बोलायला दुसरा कोन हाय घरात?"

"मावशी, इथे राहिली तर ही माणसं मारतील हिला."

ती दारातून बाजूला झाली.

धामणीचे फोटो काढले आणि बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी एका तळ्याकाठी तिला सोडलं. आसपास चिटपाखरू नव्हतं. ती गवतात दिसेनाशी झाली आणि काय झालं कोण जाणे… मी खाली बसलो आणि बायकोला नावाने हाका मारत मोठमोठ्याने रडलो. ती गेल्यापासून पहिल्यांदाच.

पाचव्या दिवशी मावशीचा फोन. "आली रं परत."

दुसरी असणार, म्हणत गेलो. फोटो ताडून पाहिले — तीच शेपटी, डोक्यावर तोच ओरखडा. मध्ये खाडी, रेल्वेचे रूळ आणि मोटरसायकलवर तासाभराचा रस्ता!

असेल काही कारण, मी स्वतःला समजावत होतो. मावशीने चहा दिला, समोर बसली. मग हळूच म्हणाली,

"मंदा कोन रं तुजी?"

मी कप खाली ठेवला. हे नाव बेटेगावात कोणाला माहीत नाही, एडवणला कुठून असणार!

"बायको… गेली ती. तुम्हाला कोणी सांगितलं?"

मावशीने जाळ्यांवरच्या धामणीकडे पाहिलं. "तलावावर लय रडलास नाय? येत जा हितं, दुपारचा."

हे कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही. सापाला माणसासारखे कान नसतात, हे शाळाशाळांतून मीच तर सांगत असतो.