मामांची वाम

आमच्या पोंभुर्ण्यात मासे खाणारे सगळेच. मासा पाळणारे एकटे माझे मामा. त्यातही त्यांनी रंगीत, शेपटी झुलवणारे मासे पाळले असते तर लोकांनी शौक म्हणून माफ केलं असतं. मामांनी पाळली वाम. लांबोळकी, चिखलाच्या रंगाची, सापाची चुलत बहीण वाटावी अशी, आणि दिवसभर वाळूत गाडून घेणारी. काचेच्या पेटीसमोर बसवलेल्या माणसाला नुसती वाळू दिसते. मामा म्हणतात, "आहे ना आत. मले माहीत आहे."

मी आमच्या खानदानातला पहिला बी.एस्सी., तोही प्राणिशास्त्र घेऊन. म्हणून वाम निवडायला त्यांनी मलाच बाजारात नेलं. मासेवालीच्या टोपल्यापुढे उकिडवे बसून त्यांनी एकेक वाम उलटीपालटी केली. कातडीवर ओरखडा नको, पोट खपाटीला गेलेलं नको, डिवचल्यावर वळवळली पाहिजे. शेवटी बाई वैतागली, "भाऊ, भाजी कराची आहे का नोकरीवर ठेवाची आहे?" मी एक पसंत केली. "शिकलेला माणूस सांगून राह्यला," असं मामांनी बाईला अभिमानाने सांगितलं आणि दुसरीच घेतली.

खरबरीत वाळूने वामीची कातडी सोलते, म्हणून नदीची वाळू त्यांनी मामीच्या पिठाच्या चाळणीने चाळली. पुढे कितीतरी दिवस घरच्या पोळ्या कचकचत होत्या. वाम बोटभर फटीतूनही निसटते, म्हणून पेटीच्या झाकणावर मामीचा वरवंटा. चटणी वाटायची असली की मामी वरवंटा उचलते आणि मामा तेवढा वेळ झाकणावर तळहात दाबून उभे राहतात. मामी अशा वेळी चटणी फार बारीक वाटते. लाईट गेली की हवेचा पंप बंद पडतो. मग घरात जो कोणी असेल त्याने लोट्याने उंचावरून पाणी सोडत बसायचं. यात पाहुण्यालाही सूट नाही.

आमच्याकडे पाहुणे येणार असले की मासे आधीच आणून हंड्यात जिवंत ठेवतात. पाहुणा आला की ताजी भाजी. ही रीत मामांना ठाऊक होती, पण काचेच्या पेटीलाही ती लागू होईल हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

मामेबहिणीला पाहायला चामोर्शीकडचे लोक आले. आधीची दोन स्थळं मोडली होती. हा मुलगा तिच्या मनात भरला होता. मुलाचे वडील पेटीपाशी वाकले. वामीने नेमकं तेव्हाच वाळूतून अर्धं अंग बाहेर काढलं होतं.

"वा, इवाई! आमच्यासाठी एवढी मोठी वाम! वांगे टाकून मस्त होते."

पाळलेली आहे म्हणावं, तर पाहुण्याच्या तोंडचा घास काढल्यासारखं. सोयरीक तिथंच संपली असती. दाराआडून बहीण बापाकडे पाहत होती. मामांनीही तिच्याकडे पाहिलं. मग वरवंटा खाली ठेवला आणि बाह्या सारल्या.

"काढतो," म्हणाले.

वाम पेटीत ठेवलेल्या कौलाच्या तुकड्याखाली गेली होती. मामांनी दुसऱ्या कोपऱ्यापासून शोधायला सुरुवात केली. इवाईंनीही, म्हणजे होऊ घातलेल्या व्याह्यांनीही, हात घातला. दोन गंभीर माणसं कोपरापर्यंत पाण्यात.

"इकडं पाहा."

"पाह्यलं."

"तिकडं?"

"तिकडंबी पाह्यलं."

इवाईंचा हात कौलाखाली शिरला आणि थांबला. मी काचेजवळच होतो. त्यांची मूठ मिटलेली मला दिसली. त्यांनी वर पाहिलं. मामा डोळे मिटून उभे होते.

इवाईंनी रिकामा हात बाहेर काढला, धोतराला पुसला. "नाई गावली बा. नुसते वांगेच करा, बाई."

जेवणं झाली, सोयरीक ठरली. पाहुण्यांना पोचवून परतताना मामा मला म्हणाले, "त्याच्या हातात आली होती ते."

"तुम्ही तर डोळे मिटले होते."

"जेवताना आंगठा पाह्यला का त्याचा? वामीच्या पाठीचे काटे घुसले होते. तसाच तिखट रस्सा खाऊन राह्यला होता." थोडं चालल्यावर म्हणाले, "पोरगी देऊन टाकू. फिकर नाई."

बहीण सासरी गेली. आता सांजेला मामा पेटीसमोर खुर्ची टाकून बसतात. हल्ली मामीही कामं आटोपून शेजारी येऊन बसते.

"निघाली का?" ती विचारते.

"निघते ना," मामा म्हणतात. "बस थोडी."