पेशंटबरोबर जाणारा हौशीराम

अवसरी बुद्रुकमध्ये कुणाच्या पोटात कळ आली, की घरचे आधी हौशीरामला बोलवायचे आणि मग डॉक्टरचा विचार करायचे. शेताची कामं भावाच्या गळ्यात टाकून गडी निघायला टपलेलाच असायचा. इस्त्रीचा सदरा, काखेत थर्मास, आणि मंचरच्या एसटीत पेशंटला खिडकीची जागा मिळवून द्यायची धमक. नव्वद सालानंतर मंचरला दवाखाने वाढले, तसा याच्या हौसेला नुसता ऊत आला.

डॉक्टर जोखायची त्याची रीत सरळ होती. नुसत्या गोळ्या देतो तो नवशिका. सुई टोचतो तो बरा. सलाईन लावतो तो चांगला. आणि चिरफाड करतो तो, राव, देवमाणूस! सरकारी दवाखान्याचं तर नावच काढायचं नाही. "फुकटच्या औषधानं कुठं गुण येतो व्हय?" असल्याच एका देवमाणसाकडे त्यानं पोटदुखीचे पेशंट नेऊन नेऊन अशी गत केली होती, की वरच्या आळीत अपेंडिक्स शाबूत असलेला माणूस शोधावा लागायचा.

अशात त्याच्या बायकोचं, सोनीबाईचंच पोट दुखायला लागलं. देवमाणसानं पोट दाबलं न दाबलं आणि म्हणाला, "अपेंडिक्स. सोमवारी ॲडमिट करा." हौशीरामला काळजी वाटली खरी, पण आतून तो जरा फुशारलाही. खुद्द घरच्या माणसाचं ऑपरेशन! सोनीबाईचा मात्र जीव टांगणीला लागला.

"अवो," ती म्हणाली, "तुमी एवढी मानसं नेली. त्यांची पोटं दुखायची राह्यली का?"

टाके काढून पेशंट घरी पोचवला की हौशीरामचं काम संपायचं. पुढं काय झालं हे विचारायचं असतं, हे त्याच्या टाळक्यात कधी आलंच नव्हतं.

"त्यात काय! आत्ता इचारून येतो."

आळी फिरून आला तो मिशीला पीळ देतच. "समदी ठणठणीत! जानकू म्हनला, तुमच्यामुळं वाचलो. चिमाबाई म्हनली, लई बरं हाय, भाऊ."

सोनीबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "आन तुमाला दुसरं काय सांगतील? त्यांच्यापायी तुमी दवाखान्यात फरशीवर झोपलाय. गुण आला न्हाई, असं तोंडावर कोन म्हनंल? थांबा. माजघरात बसा गुमान. आन खोकलात, तर बघा!"

तिनं शेजारच्या चिमाबाईला वाटाणे सोलायला बोलावलं. हौशीराम दाराआड उकिडवा बसला. इकडचं तिकडचं झालं आणि सोनीबाईनं हळूच तिच्या पोटाचा विषय काढला.

"कशाचं बरं, बया!" चिमाबाई म्हणाली. "महिना न्हाई झाला तर परत तीच कळ. जानकूचं दुखनं खरं व्हतं, त्याचं अपेंडिक्स तर फुटायलाच आलं व्हतं म्हनं. माझं आन सावळेरामच्या आईचं हाय तसंच हाय. पोट तेवढं कापून घेतलं."

"मग आमच्या ह्यांना सांगायचं न्हाई व्हय?"

"कसं सांगू? एवढं भलं मानूस, आपल्यापायी जीव टाकतं. वाईट वाटंल की त्याला."

दाराआड हौशीरामचे कान तापले. वाईट वाटलंच त्याला, लई वाटलं. पण बाहेर येऊन तसं म्हणायचीही सोय नव्हती.

सोमवारी सोनीबाई हट्टानं सरकारी दवाखान्यात गेली आणि हा तोंड पाडून मागं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाना प्रश्न विचारले, पोट नीट तपासलं. "अपेंडिक्सचं लक्षण काही दिसत नाही. ताप आला, उलट्या झाल्या, तर मात्र तडक घेऊन या. उद्या सकाळी ह्यात शौच आणा, तपासू," असं म्हणून त्यांनी हौशीरामच्या हातावर एक छोटी डबी ठेवली. ना सुई, ना सलाईन! गड्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी सोनीबाईला उठवेना, म्हणून डबी त्यालाच न्यावी लागली. एसटीत दोन्ही हातांत ती धरून तो अवघडून बसला. शेजारी पारगावचे एक ओळखीचे म्हातारबुवा.

"काय पावणं, पेढं का? पोरगं पास झालं वाटतं!"

"न्हाई... ते... मंडळींनी दिलंय."

"मग घरचंच की! चाखवा की जरा!"

हौशीराम पुढच्याच थांब्यावर उतरला आणि उरलेली वाट पायी तुडवली.

तपासणीत आवेचे जंतू निघाले. गोळ्या मिळाल्या, त्याही फुकट, आणि आठवड्यात सोनीबाई पिठलं-भाकरी हाणायला लागली. पण हौशीरामचा आता कशावर विश्वास राहिला नव्हता. पुढं महिनाभर तो रोज विचारायचा, "दुखतं का गं? खरं सांग, भीड नको धरू." शेवटी तीच वैतागली. "आता तुमच्या इचारण्यानं दुखंल!"

मग दवाखान्यातून एक रिकामी डबी मागून घेऊन तो चिमाबाईच्या ओट्यावर गेला. दाराआडचं सगळं त्यानं कबूल केलं आणि डबीचं काम समजावून सांगितलं. चिमाबाई आधी पदर तोंडाला लावून खूप हसली. मग हसायची थांबली.

"एवढंच व्हतं, तर कापायच्या आधी का न्हाई नेली ही डबी, भाऊ?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. एसटी किती वाजता आहे हे विचारावं, तसं तिनं विचारलं होतं.

"मला ठावं नव्हतं, चिमाबाई. चुकलो मी," तो म्हणाला. "उद्या सकाळच्या गाडीनं नेतो तुमाला. खिडकीची जागा धरतो."

चिमाबाईनं त्याच्या हातातून डबी घेतली.

"नगं, भाऊ," ती म्हणाली. "माझी मी जाईन."