न सांगितलेला मायनस

हेमंतवर मी शेवटपर्यंत जळलो.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. अजून जळतो.

दोघंही रनाळ्याचे, एकाच बाकावरचे. फिजिक्समध्ये मार्क मला जास्त, पीएचडी केली त्यानं. मी तळोद्याला ज्युनिअर कॉलेजात प्रॅक्टिकलची जर्नलं तपासतो.

त्याचं काम गुरू ग्रहाच्या गॅनिमीड या चंद्रावर. स्वतःचं चुंबकक्षेत्र असलेला एकमेव चंद्र.

गुरूच्या चुंबकरेषा आणि या चंद्राच्या रेषा उलट्या दिशेनं समोरासमोर आल्या की तुटतात आणि एकमेकींना जोडल्या जातात. हे सगळं तो कॉम्प्युटरवर घडवायचा.

सुटीत गावी आला की ओट्यावर बसून लॅपटॉपवर रंगीत चित्रं दाखवायचा. मी "भारी" म्हणायचो. घरी येऊन मला जेवण जायचं नाही.

मग त्याचं सिम्युलेशन अडलं. रनवर रन केले, रेषा काही तुटेनात. गाईड वैतागले. त्यानं इनपुट फाईल मला पाठवली.

"देखी ले भो, मी कोठे चुकी ऱ्हायनू."

मला पाच मिनिटांत दिसलं. गुरूच्या क्षेत्राच्या आकड्याआधीचा मायनस राहिला होता. दोन्ही क्षेत्रं एकाच दिशेला. तुटणार काय, कप्पाळ!

मी कळवलं, सगळं बरोबर वाटतंय.

तीन आठवडे तो पहिल्या ओळीपासून कोड तपासत बसला. मी रोज फोन करून चौकशी करायचो. हो, रोज.

शेवटी त्यालाच सापडलं. फोनवर हसत होता.

"मायनस राही गयथा. तुले बी नही दिसना का भो?"

"नही," मी म्हणालो.

त्याच्या थीसिसच्या आभारात माझं नाव आहे, फाईल काळजीपूर्वक तपासून दिल्याबद्दल. ते पान मी कुणाला दाखवलेलं नाही.

आज सकाळी वर्षश्राद्धाला गेलो. पाटावर फोटोशेजारी थीसिस ठेवला होता, त्यावर फूल. पाहुण्यांनी विचारलं, हा नेमकं करायचा काय? त्याच्या आईनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"यालेच इचारा. मन्हा पोऱ्या सांगे, मन्हं काम गावमा फक्त यालेच समजस."

मी समजावलं. मायनसपाशी आलो आणि थीसिसवरचं फूल उगाच सरळ केलं. लोकांना वाटलं, किती जीव होता दोघांचा.

होताच की. तेच तर.

हेमंत, मायनस दिसना व्हता मले. पहिल्याच दिन, पाच मिनिटमा.

एवढीच माझी श्रद्धांजली. उशिराची, पण खरी.