दुधाचा रस्ता आणि उलटा टांगलेला माणूस

मंडळी, आज लई थकलोय, पण हे तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडायची नाही.

दुपारी आमच्या बेंबळी गावात बैठक होती. नव्या टाकीचे नळ कुठं बसवायचे, हा प्रश्न. गावानं मिळून कसं ठरवायचं, ते शिकवायला आलेल्या मॅडमनी टॅरोचे, म्हणजे भविष्य सांगायचे चित्रांचे पत्ते काढले. मी म्हटलं, आता पोपट तेवढा राहिला!

त्या हसल्या. "भविष्य नाही बघायचं, काका. गावाचा नकाशा काढा. जिथं पाण्याची अडचण, तिथं त्या अडचणीसारखं दिसणारं चित्र ठेवा."

नकाशा काढायचं काम माझ्याकडंच आलं. चाळीस वर्षांमागच्या दुष्काळात मी दूध सोसायटीचा सचिव होतो, पाण्याच्या टँकरचा रस्ता मीच आखलेला. झरझर काढून दिला.

सगळ्यांचे पत्ते ठेवून झाले. भीमनगरच्या कमलबाई, माझ्याच वयाच्या, एक पत्ता धरून बसलेल्या. झाडाला उलटा टांगलेला माणूस. त्यांनी तो कागदाच्या बाहेर, उघड्या टेबलावर ठेवला.

"अण्णा, आमची वस्ती हितं, अशीच टांगलेली. तवाबी तुमच्या कागदात न्हवती. टँकर दुधाच्या रस्त्यानंच फिरायचा, अन् आमच्याकडं कुठली दुभती जनावरं?"

मी मुद्दाम वगळलं नव्हतं. सोसायटीला दूध घालणारी घरं तेवढी पाठ होती, टँकरही त्याच वाटेनं लावला. सोसायटी कधीच बंद पडली, तरी आज तीच घरं उमटली.

"तुमचा हात अजून तिथंच वळतो बघा," कमलबाई म्हणाल्या. रागानं नाही. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी त्यांच्या पत्त्याखाली, नकाशाला जोडून दुसरा कागद चिकटवला. चाळीस वर्षं उशिरा.

तुमच्या गावाचा नकाशा एकदा न बघता काढा. तुमचा हात कुठं वळतो?