चुकीच्या बाजूची फुली

हैदराबाद राज्य मोडायच्या वेळी हैदराबाद शहरातल्या आमच्या दवाखान्याचं उर्दू दफ्तर इंग्रजीत उतरवायचा हुकूम निघाला. उर्दू शाळेत शिकलेला आणि इंग्रजी अक्षर बरं असलेला कारकून मी एकटाच, तेव्हा ऑपरेशनच्या वह्या माझ्या गळ्यात पडल्या. मराठवाडा मुंबई राज्यात जाणार म्हणून तिकडच्या रोग्यांना माझ्या सहीचे उतारे देऊन टाकले. काम मुदतीआधी संपवलं आणि नल्लकुंट्यातल्या घरापर्यंत शीळ घालत सायकल हाणली. केवढी ती फुशारकी!

पुढं एका सकाळी परभणीकडचे एक म्हातारे माझ्या टेबलाशी आले. इथंच जामबागेत लेकीकडे राहत होते.

"बाबू, डाव्या कुशीत दुखून दुखून परेशान झालो. डाक्टर कागद बघून म्हनले, डावा गुर्दा कवाच काढलाय, तिथं दुखायला हायेच काय? शेक घ्या म्हनले."

"डावं मूत्रपिंड काढल्याचं कागदात आहे म्हणजे तसंच असणार, मामा." मी मानही वर केली नाही.

त्यांनी सदरा वर केला. ऑपरेशनचा वण उजव्या कुशीवर होता.

मी ताडकन उठलो. जुनी वही काढली. उर्दू वही उजवीकडून सुरू होते. तिच्यात 'उजवी बाजू' हा पहिला रकाना उजव्या टोकाला. इंग्रजी फॉर्मात तोच रकाना डाव्या टोकाला. मी गाढवानं रकान्यांची नावं वाचलीच नव्हती. फुली वहीत जिथं दिसली, फॉर्मात तिथंच मारत सुटलो होतो. म्हाताऱ्यांचा उरलेला एकुलता गुर्दा दुखत होता आणि माझ्यापायी ते शेक घेत बसले होते.

शेक सांगणाऱ्या सर्जनसाहेबांकडे वही घेऊन धावलो. ते पांढरेफटक पडले. "मी सदरा का नाही वर करायला लावला?" एवढंच पुटपुटले. एक्स-रेच्या फोटोत खडा दिसला, त्याच दुपारी ऑपरेशन झालं. म्हातारे वाचले.

घरी जाताना मला म्हणाले, "जाऊ द्या बाबू, गलती मानसाच्याच हातून होती." त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मग वह्या पहिल्यापासून तपासल्या. डावं-उजवं जिथं जिथं होतं, तिथं तिथं उलटं. शहरातल्यांचे कागद कपाटात होते, ते दुरुस्त केले. नांदेड, बीड, परभणीचे उतारे मात्र केव्हाच लोकांच्या खिशातून नव्या राज्यात गेले होते. प्रत्येकाच्या खाली मी स्वतः लिहिलं होतं, 'मूळ वहीशी ताडून पाहिले', आणि झोकदार सही केली होती.